प्रत्येक टनाचा माग

प्रस्तावना

८ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं एक अधिसूचना काढली आणि देशातल्या २८२ कारखान्यांना प्रत्येकी एक आकडा नेमून दिला. सिमेंट, ॲल्युमिनियम, क्लोर-अल्कली आणि कागद या चार उद्योगांतले हे कारखाने. एक टन माल तयार करताना किती टन कार्बन डायऑक्साइड, किंवा त्याच्या हिशेबात मोजलेले इतर हरितगृह वायू, हवेत गेलेले चालतील, एवढंच तो आकडा सांगतो. २०२३-२४ हे आधारवर्ष, आणि २०२५-२६ व २०२६-२७ या दोन वर्षांसाठी त्याहून खालची पातळी. पातळीच्या खाली राहिलेल्या कारखान्याला प्रमाणपत्रं मिळतील आणि ती विकता येतील. वर गेलेल्याला ती विकत घ्यावी लागतील, नाहीतर पर्यावरण भरपाई भरावी लागेल.

कार्बनचा हिशेब यापूर्वीही होत होता. सेबीनं २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला, त्याच्याही आधीपासून मोठ्या कंपन्या तो छापत होत्या. पण तो आकडा वाचण्यापुरता होता. आता तो खरेदी-विक्रीचा झाला आहे. ज्या आकड्यावर पैसा उभा राहतो त्याची उलटतपासणी होतेच, आणि तशी तपासणी पचवणारा आकडा आपल्या बहुतेक कारखान्यांतल्या आजच्या सॉफ्टवेअरमधून निघत नाही. हे पुस्तक त्यासाठी लिहिलं आहे.

धुराड्यावर मीटर बसवला की कार्बन कळतो, असं कारखान्याबाहेरच्या अनेकांना वाटतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१४ मध्ये अतिप्रदूषणकारी अशा १७ प्रकारच्या उद्योगांना सतत मोजणी करणारी ऑनलाइन यंत्रणा बसवायला सांगितली, त्यामुळे हा समज आणखी पक्का झाला. पण धुराड्यावरची ती यंत्रणा मुख्यतः धूळ, सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडं मोजते. कार्बन डायऑक्साइड आपल्याकडे सहसा मोजला जात नाही, हिशेबानं काढला जातो. कोळसा किती जळला, त्यात उष्णता किती होती, तेवढ्या उष्णतेमागे कार्बन किती, चुनखडी किती भाजली, वीज किती युनिट आली, या सगळ्याचे गुणाकार आणि त्यांची बेरीज म्हणजे उत्सर्जन. म्हणजे इथे सॉफ्टवेअर हेच मापनयंत्र आहे. कारखान्याच्या फाटकावरच्या वजनकाट्याला वैधमापन खात्याचा शिक्का लागतो आणि ठरावीक मुदतीनं तो पुन्हा तपासला जातो. त्याच काट्यावरचं वजन ज्या फाइलमध्ये जाऊन कार्बनचा आकडा बनतं, तिच्यातलं सूत्र शेवटचं कधी आणि कोणी बदललं, याची नोंद मात्र शोधून सापडत नाही. आधुनिकीकरणाची सुरुवात इथून व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे. रंगीत आलेखांचा डॅशबोर्ड हे त्यातलं शेवटचं काम.

सिमेंटचंच उदाहरण घेऊ, कारण चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूर-आवारपूर-घुग्घुस पट्ट्यामुळे महाराष्ट्राला हा उद्योग जवळून माहीत आहे. चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ती भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि चुना उरतो. भट्टीतून निघणाऱ्या एक टन क्लिंकरमागे साधारण ५२५ किलो वायू निव्वळ या रासायनिक क्रियेतून बाहेर पडतो. इंधन म्हणून कोळसा जाळा, पेटकोक जाळा की शेतातला काडीकचरा, हे ५२५ किलो कुठे जात नाहीत. सिमेंट कारखान्याच्या एकूण उत्सर्जनात अर्ध्याहून मोठा वाटा याचाच असतो.

आता आपलं जुनं सॉफ्टवेअर कशासाठी बांधलं गेलं ते पाहा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं २०१२ मध्ये ‘परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड’ म्हणजे ‘पॅट’ योजना सुरू केली. पहिल्या फेरीत आठ उद्योगांतले ४७८ कारखाने होते. योजना चांगली होती. आपल्या उद्योगांना ऊर्जेचा बारीक हिशेब ठेवायची सवय तिनं लावली. पण तिचं माप होतं तेलाच्या तुलनेतला टन, म्हणजे एक कोटी किलोकॅलरी. त्या मापाभोवती एक्सेलचे तक्ते बांधले गेले, त्यांच्याभोवती छोटे प्रोग्राम लिहिले गेले आणि एनर्जी मॅनेजरची एक पिढी त्यांत तयार झाली. चुनखडीतून सुटणाऱ्या वायूला किलोकॅलरी नसतात. म्हणून तो त्या साऱ्या हिशेबात कुठे दिसतच नव्हता. पोलादभट्टीचा स्लॅग किंवा वीज केंद्राची राख मिसळून क्लिंकरचं प्रमाण घटवलं की कार्बन किती वाचला, हे ऊर्जेच्या तक्त्यातून पुरतं कळत नाही. त्यामुळे ‘जुन्या सिस्टिममध्ये एक कॉलम वाढवू आणि किलोकॅलरीला गुणांकानं गुणू’ हा सल्ला कितीही स्वस्त पडला तरी घेऊ नये. ॲल्युमिनियममध्ये तर तो अधिकच धोक्याचा आहे. तिथे वितळवण्याच्या पात्रात ॲनोड इफेक्ट झाला की फ्लोरिनयुक्त वायू सुटतात, आणि त्यांतल्या टेट्राफ्लोरोमिथेनचा एक टन हवामानाच्या हिशेबात हजारो टन कार्बन डायऑक्साइडइतका भरतो. इफेक्ट किती मिनिटं टिकला हे पॉटलाइनच्या, म्हणजे त्या पात्रांच्या रांगेच्या, नियंत्रण यंत्रणेला माहीत असतं. ती माहिती उत्सर्जनाच्या हिशेबापर्यंत आपोआप पोचते का, हा पहिला प्रश्न विचारायला हवा.

कोळशाच्या बाबतीत एक चूक इतकी सर्रास होते की तिच्यासाठी या पुस्तकात एक आख्खं प्रकरण दिलं आहे. आपल्या प्रयोगशाळेतला बॉम्ब कॅलरीमीटर जो उष्मांक देतो तो ग्रॉस. कोळशाचे व्यवहार त्याच्यावर चालतात. २०१२ पासून आपल्या कोळशाची प्रतवारीही त्याच्यावर आहे. आयपीसीसीनं, म्हणजे हवामानबदलावरच्या आंतरशासकीय समितीनं, दिलेले उत्सर्जन गुणांक मात्र नेट उष्मांकासाठी आहेत. जळताना तयार झालेल्या वाफेबरोबर जी उष्णता निघून जाते ती नेटमध्ये धरत नाहीत, आणि कोळशासाठी हा फरक साधारण ५ टक्क्यांचा असतो. समजा किलोला ४,००० किलोकॅलरीचा कोळसा आहे. एका टनात १६.७५ गिगाज्यूल उष्णता झाली. बिट्युमिनस कोळशाचा गुणांक गिगाज्यूलमागे ९४.६ किलो. सरळ गुणाकार केला तर टनामागे १,५८४ किलो कार्बन डायऑक्साइड येतो. आधी नेट उष्मांक काढून गुणलं तर १,५०५. फरक ७९ किलोंचा. दिवसाला ५०० टन कोळसा जाळणाऱ्या आणि वर्षात ३३० दिवस चालणाऱ्या कारखान्यात हा फरक १३ हजार टनांच्या घरात जातो. कारखान्यात काहीही बदललेलं नाही, एकही गोणी कमी-जास्त जळालेली नाही, फक्त एका सेलमध्ये चुकीच्या जातीचा आकडा बसला आहे.

याच कोळशात पावसाळ्याचं पाणीही असतं. जुलैमध्ये वजनकाट्यावर येणारा ट्रक कोळशाबरोबर पाणी तोलतो. प्रयोगशाळा नमुना हवेत सुकवून उष्मांक काढते. वजन ओल्या मालाचं आणि उष्मांक सुक्या मालाचा, असा गुणाकार झाला की पावसाळ्याचे चार महिने हिशेब फुगतो. म्हणून नव्या सॉफ्टवेअरमध्ये उष्मांक हा नुसता आकडा म्हणून साठवता कामा नये. तो ग्रॉस की नेट, ओल्या मालाचा की सुक्या, कोणत्या नमुन्याचा, कोणत्या तारखेचा, हे सारं त्याच्याबरोबर बांधलेलं असलं पाहिजे. आणि दोन वेगळ्या जातींचे आकडे एकमेकांना गुणायला निघाले तर प्रोग्रामनं तिथेच नकार दिला पाहिजे. प्रोग्रामिंगच्या भाषांमध्ये ही सोय कित्येक वर्षांपासून आहे, आपण ती वापरत नाही इतकंच.

गुणांकही स्थिर नसतात. ग्रिडमधून आलेल्या विजेसाठी केंद्रीय वीज प्राधिकरण दरवर्षी सरासरी जाहीर करतं. २०२२-२३ साठी ती मेगावॅट-तासामागे ०.७१६ टन होती, २०२३-२४ साठी ०.७२७. मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या किती पट, याचं उत्तर आयपीसीसीच्या दुसऱ्या अहवालात २१ होतं, चौथ्यात २५, पाचव्यात २८. जुन्या तक्त्यात असा गुणांक एका सेलमध्ये असतो. नवा आला की जुन्यावर नवा लिहिला जातो, आणि त्या क्षणी तीन वर्षांपूर्वीचा सादर केलेला, सहीशिक्क्याचा अहवालही गुपचूप बदलतो. गुणांकांची स्वतंत्र नोंदवही हवी. प्रत्येक गुणांकाला त्याचा स्रोत, त्याची लागू असण्याची मुदत आणि आवृत्ती हवी, आणि प्रत्येक उत्तराबरोबर ते कोणत्या आवृत्तीनं काढलं याची खूण हवी.

एक्सेलबद्दल मी इथे कठोर बोलतो आहे असं वाटू नये. शिफ्ट इंजिनिअरला सूत्र डोळ्यांनी दिसतं, हात घालून दुरुस्त करता येतं, ही त्या साधनाची मोठी ताकद आहे आणि नव्या सॉफ्टवेअरनं ती गमावू नये. पण त्याच्या मर्यादा ओलांडल्या की काय होतं हे २०२० मध्ये इंग्लंडनं पाहिलं. कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्याच नाहीत, कारण जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत, आणि उरलेल्या ओळी कोणाला न सांगता गळून पडल्या. मिनिटाला एक याप्रमाणे वाचन देणारा एकच मीटर ही मर्यादा साडेपंचेचाळीस दिवसांत गाठतो. मोठ्या सिमेंट कारखान्यात असे मीटर शेकड्यांनी असतात.

नव्या व्यवस्थेचा गाभा आपल्या जुन्या पेढ्यांवरच्या किर्दीसारखा असावा, असं मला वाटतं. किर्दीतली नोंद चुकली तर मुनीम ती खोडत नसे. दुरुस्तीची वेगळी नोंद घालत असे, म्हणजे चूकही दिसे आणि दुरुस्तीही. उत्सर्जनाच्या डेटाबेसला नेमकी हीच शिस्त लागते. मीटरवरून आलेलं मूळ वाचन कधीही पुसायचं नाही. मीटर बिघडला होता म्हणून वाचन बदलायचं असेल तर नवी नोंद, तिच्यापुढे कारण, बदलणाऱ्याचं नाव, वेळ आणि मंजुरी. बाहेरचा पडताळणी अधिकारी आला की अंतिम अहवालातल्या कोणत्याही टनावर बोट ठेवून त्याला मागं मागं जाता आलं पाहिजे: अहवालातून महिन्यावर, महिन्यातून दिवसावर, दिवसातून त्या कन्व्हेयरवरच्या बेल्टकाट्याच्या वाचनावर आणि त्या काट्याच्या कॅलिब्रेशनच्या दाखल्यावर. पुस्तकाचं नाव यावरूनच आलं.

वाचन आलंच नाही तर काय, हा प्रश्न वरवर बारीक आहे, पण व्यवस्थेचा प्रामाणिकपणा त्यावर ठरतो. अमेरिकेत आम्लवर्षा रोखण्याच्या कार्यक्रमाखाली वीज केंद्रं नव्वदच्या दशकापासून धुराड्यातल्या वायूंची तासागणिक नोंद देत आली आहेत. तिथला एक नियम मला अतिशय शहाणपणाचा वाटतो. यंत्र बंद पडून नोंद तुटली तर रिकामी जागा भरण्याची पद्धत ठरलेली आहे, आणि खंड जितका लांबतो तितका भरायचा आकडा कारखान्याला महाग पडत जातो. त्यामुळे यंत्र दुरुस्त ठेवणं मालकाच्याच हिताचं होतं. आपल्याकडे रिकाम्या जागी मागच्या महिन्याची सरासरी टाकण्याची पद्धत आहे, आणि ती टाकलेली आहे हेही पुढे कोणाला कळत नाही. हल्ली ही जागा मशीन लर्निंगनं भरून देणारी उत्पादनं विकली जातात. अंदाज चांगला असेल तर माझी हरकत नाही. पण अंदाजावर ‘अंदाज’ अशी खूण शेवटच्या अहवालापर्यंत टिकलीच पाहिजे.

मोजणीवर विश्वास बसला की बाजार काम करतो, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. सुरतेत २०१९ मध्ये गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळानं धुळीच्या कणांच्या उत्सर्जनाचा परवाना-बाजार सुरू केला. कणांसाठीचा जगातला तो पहिला. कारखाने बहुतेक कापड उद्योगातले आणि आकारानं मध्यम होते. धुराड्यांवरची सतत मोजणी हा त्या बाजाराचा पाया होता, आणि बाजारात सामील झालेल्या कारखान्यांचं उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी घटल्याचं त्यावरच्या अभ्यासातून पुढे आलं. महाराष्ट्रानंही २०१७ पासून कारखान्यांच्या धुराड्यांच्या चाचण्यांवरून त्यांना तारांकित श्रेणी देऊन ती लोकांसमोर ठेवायला सुरुवात केली. कार्बनचा बाजार याच वाटेनं जावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

बाजाराच्या दुसऱ्या टोकालाही सॉफ्टवेअर आहे. भारतीय कार्बन बाजारात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो प्रशासक आहे, केंद्रीय वीज नियामक आयोग व्यवहारांचा नियामक, आणि प्रमाणपत्रांची खाती ग्रिड कंट्रोलर ऑफ इंडिया सांभाळणार. युरोपात जानेवारी २०११ मध्ये चोरांनी काही देशांच्या नोंदणी यंत्रणांत शिरून कोट्यवधी युरोंचे परवाने दुसऱ्या खात्यांत वळवले, आणि १९ जानेवारीला युरोपीय आयोगाला हस्तांतरणं थांबवावी लागली. पुढच्या वर्षी देशोदेशीच्या नोंदणी यंत्रणा एका सामाईक यंत्रणेत आणल्या गेल्या. ज्या कारखान्यात उत्सर्जनाच्या फाइलचा पासवर्ड चार जणांना माहीत असतो आणि तो मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो, तिथे ही गोष्ट आवर्जून वाचली जावी.

जुनं काढून नवं कसं बसवावं, यावर पुस्तकाचा मोठा भाग खर्ची पडला आहे. एका रात्रीत सगळं बदलण्याच्या मी विरोधात आहे. किल्न बंद पडत नाही आणि मार्चअखेर पुढे जात नाही. एकेक प्रवाह हलवावा: आधी वीज, कारण तिथले मीटर सर्वांत भरवशाचे, मग इंधन, मग प्रक्रियेतलं उत्सर्जन. प्रत्येक टप्प्यावर जुनी आणि नवी पद्धत काही महिने शेजारी-शेजारी चालवावी आणि दोघींच्या उत्तरांत फरक आला तर त्याचं कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. हा फरक शोधणं कंटाळवाणं असतं. पण जुन्या तक्त्यात कोणी तरी दहा वर्षांपूर्वी घातलेली, कुठेही न लिहिलेली एखादी दुरुस्ती तेव्हाच हाती लागते. कधी ती चूक असते आणि कधी त्या कारखान्याबद्दलचं खरं शहाणपण.

मोठ्या कारखान्यांकडे पैसा आहे, माणसं आहेत. मला काळजी लहानांची आहे. युरोपीय संघाची आयात मालासाठीची कार्बन सीमा व्यवस्था ऑक्टोबर २०२३ पासून अहवालापुरती होती; १ जानेवारी २०२६ पासून ती शुल्काच्या टप्प्यात आली. लोखंड-पोलादाच्या तिच्या यादीत नट-बोल्ट आणि स्क्रूही आहेत. चाकण, वाळूज किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत बोल्ट बनवून युरोपात पाठवणाऱ्या उद्योजकाला त्यानं ज्या तारेपासून बोल्ट ठोकला तिच्या पोलादात किती कार्बन गेला हे गिरणीकडून मिळवावं लागतं. तिकडे हिशेबाचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपल्याकडे एप्रिल ते मार्च. एकाच हिशेबाचे दोन वेगळे तुकडे करून दोन ठिकाणी द्यायचे, हे हातानं करायला लावणं अन्याय आहे. गिरणीच्या सॉफ्टवेअरमधून तो आकडा त्याच्या खुणांसह थेट या उद्योजकापर्यंत पोचायला हवा. त्यासाठी लागणारे डेटाचे सामाईक साचे उद्योगसंघटनांनी एकत्र येऊन ठरवावेत. हे काम कोणा एका विक्रेत्यावर सोडलं तर प्रत्येकाचं कुलूप वेगळं आणि किल्ली त्याच्याचकडे.

आणखी एक मुद्दा, ज्यावर माझ्याशी असहमत होणारे बरेच आहेत. नोंद घेणाऱ्या पडद्याची भाषा मराठी असावी. तिसऱ्या पाळीत फीडर अडकला, कोळशाचा बंकर बदलला, डीजी सेट वीस मिनिटं चालवावा लागला, हे ज्याला ठाऊक असतं तो ऑपरेटर लॉगबुकात मराठीत, हिंदीत, मिश्र भाषेत ते नीट लिहून ठेवतो. संगणकासमोर आला की इंग्रजी यादीतून ‘इतर’ निवडतो, कारण त्याच्या प्रसंगाला तिथे शब्दच नसतो. मग वर्षाअखेरीस पडताळणीत त्या ‘इतर’ नोंदींचा उलगडा कोणालाही करता येत नाही. कारणांची यादी त्या त्या विभागातल्या लोकांबरोबर बसून त्यांच्याच शब्दांत करावी, आणि त्यांच्या नोंदीचा दिवसाच्या आकड्यावर काय परिणाम झाला हे त्यांना त्याच पडद्यावर दाखवावं. डीजी सेटच्या वीस मिनिटांचे किती किलो झाले हे दिसलं की पुढची नोंद अधिक काळजीनं होते.

प्रोग्रामर वाचकांना एक विनंती आहे. पहिली चार प्रकरणं वजनकाटा, बेल्टकाटा, नमुना घेण्याची पद्धत आणि कॅलरीमीटर यांच्याबद्दल आहेत; ती आपली नाहीत असं समजून ओलांडू नका. कारखान्यातल्या वाचकांनी पाचव्या प्रकरणातला डेटाबेसचा आराखडा अवघड वाटला तरी एकदा संगणक विभागातल्या सहकाऱ्याबरोबर बसून वाचावा, आणि त्यातली उदाहरणं स्वतःच्या कारखान्यातल्या कालच्या लॉगशीटवर करून पाहावीत. उत्तर तुमच्या सध्याच्या तक्त्याशी जुळलं नाही, तर नवव्या प्रकरणात तो फरक शोधायची पद्धत दिली आहे.